मेंदूतून थेट चालणारे संपूर्ण आभासी वास्तव कितपत शक्य आहे?

धागाकर्ता: दूरस्थ

शरीर अंथरुणावर स्वस्थ पडलेले आहे, डोळ्यांवर चष्मा नाही, हातात नियंत्रक नाही, आणि तरीही आपण दुसऱ्याच एका जगात चालतो आहोत, तिथल्या वस्तू हाताळतो आहोत, तिथला वारा अंगावर घेतो आहोत. 'फुल-डाइव्ह' या नावाने ओळखली जाणारी ही कल्पना आभासी वास्तवाच्या चाहत्यांना फार वर्षांपासून खुणावते आहे. आयव्हन सदरलँड यांनी १९६८ साली डोक्यावर बसवायचा संगणकीय पडदा तयार केला, तेव्हापासूनची जवळजवळ सर्व साधने डोळ्यांच्या आणि कानांच्या दारातूनच आत शिरत आली आहेत. ती दारे वगळून थेट मेंदूशी व्यवहार करता येईल का, हा प्रश्न जानेवारी २०२४ मध्ये मेंदू आणि संगणक जोडणारी उपकरणे बनवणाऱ्या न्यूरालिंक कंपनीचे उपकरण पहिल्यांदा एका माणसाच्या मेंदूत बसवले गेल्यावर पुन्हा जोराने विचारला जाऊ लागला, आणि 'दहा-पंधरा वर्षांत हे येणारच' अशी विधानेही त्यासोबत ऐकू येऊ लागली. ही विधाने तपासण्यासाठी हा धागा आहे.

माझ्या समजुतीप्रमाणे या कल्पनेत तीन वेगवेगळी कामे दडलेली आहेत. पहिले काम मेंदूतून हेतू वाचण्याचे, दुसरे मेंदूत संवेदना लिहिण्याचे आणि तिसरे खऱ्या शरीराला तेवढा वेळ थांबवण्याचे. बातम्यांमध्ये ही तिन्ही एकत्र येतात आणि पहिल्यातील यश तिन्हींचे यश म्हणून मोजले जाते, इथेच गफलत होते.

वाचण्याच्या कामात झालेली प्रगती खरोखर थक्क करणारी आहे. हान्स बर्गर यांनी १९२४ साली माणसाच्या डोक्यावरून मेंदूची विद्युत-स्पंदने प्रथम नोंदवली. झाक विदाल यांनी १९७३ साली मेंदू आणि संगणक यांना जोडण्याची संकल्पना शास्त्रीय निबंधातून मांडली. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ब्रेनगेट या मेंदू-संगणक जोडणीच्या प्रयोगात मानेखाली लुळ्या पडलेल्या एका तरुणाने ९६ इलेक्ट्रोडच्या (विद्युत-संकेत टिपणाऱ्या किंवा देणाऱ्या सूक्ष्म टोकांच्या) छोट्या पट्टिकेच्या साहाय्याने केवळ विचाराने पडद्यावरचा बाण हलवला. २०१२ साली पक्षाघात झालेल्या एका महिलेने यंत्रहाताने बाटली उचलून स्वतः कॉफी घेतली. २०२१ साली हाताने अक्षरे लिहिण्याची नुसती कल्पना करून मिनिटाला ९० अक्षरे उमटवता आली, आणि २०२३ साली बोलण्याचा प्रयत्न वाचून मिनिटाला ६० ते ८० शब्दांपर्यंत मजल गेली. आभासी जगातला देह चालवायला एवढे वाचन बहुतांशी पुरेसे आहे, असे मला वाटते.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र मी साशंक आहे, आणि तिसऱ्या कामाविषयी तर चर्चाच होताना दिसत नाही. जाणकारांनी आपली मते सविस्तर मांडावीत.

प्रतिसाद १: संकेतशोधक

धागाकर्त्यांनी केलेली विभागणी योग्य आहे. मी संकेत-प्रक्रियेच्या क्षेत्रात काम करतो, त्यामुळे वाचणे सोपे आणि लिहिणे अवघड का ठरते, हे आकड्यांच्या बाजूने सांगण्याचा प्रयत्न करतो.

हात हलवण्याचा हेतू मेंदूच्या हालचालविषयक भागात लक्षावधी पेशींमध्ये पसरलेला असतो आणि त्यात भरपूर पुनरुक्ती असते. त्यामुळे त्यांपैकी शंभर पेशींचे बोलणे ऐकले, तरी एकूण रोख कळतो. जे कळत नाही ते भरून काढायला दोन मदतनीस असतात. वापरणारा माणूस पडद्यावरचा बाण पाहून स्वतःला सुधारत राहतो आणि मजकुराच्या बाबतीत भाषेची प्रारूपे पुढचा शब्द सुचवतात. संवेदना लिहिताना असा मदतनीस मिळत नाही. शंभर पेशींना चेतवले, तर उरलेल्या लक्षावधी पेशी ते चित्र आपणहून पूर्ण करतील याची खात्री देता येत नाही.

कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील झेंग आणि माइस्टर यांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेला अंदाज इथे उद्‌बोधक आहे. त्यांच्या मते माणसाची हेतुपुरस्सर कृती, मग ती टंकलेखन असो की बोलणे, सेकंदाला साधारण १० बिट एवढीच माहिती बाहेर टाकते, तर ज्ञानेंद्रिये सेकंदाला सुमारे १०० कोटी बिट गोळा करतात. या आकड्यांविषयी मतभेद होऊ शकतात, परंतु तफावत एवढी प्रचंड आहे की आकडे शंभरपटीने चुकले तरी निष्कर्ष बदलत नाही. बाहेर येणारा प्रवाह बारीक आहे म्हणून तो आपण पकडू शकलो. आत जाणारा प्रवाह त्याच्या कोट्यवधी पट मोठा आहे.

आता उपकरणांकडे पाहू. एका डोळ्याच्या चेतामार्गात सुमारे १० लाख तंतू असतात. न्यूरालिंकच्या उपकरणात ६४ धाग्यांवर मिळून १,०२४ इलेक्ट्रोड आहेत. स्टीव्हन्सन आणि कॉर्डिंग यांनी २०११ साली दाखवून दिले की, एकाच वेळी नोंदवता येणाऱ्या चेतापेशींची संख्या १९५० च्या दशकापासून साधारण दर सात वर्षांनी दुप्पट होत आली आहे. हाच वेग धरला तर एक हजारावरून दहा लाखांवर जायला दहा वेळा दुप्पट व्हावे लागेल, म्हणजे सत्तर वर्षे. मेंदूच्या बाह्यकातील, म्हणजे बाहेरच्या थरातील, सुमारे १,६०० कोटी चेतापेशींपर्यंत पोहोचायला पावणेदोनशे वर्षे लागतील. वेग वाढू शकतो हे मला मान्य आहे. परंतु 'दहा-पंधरा वर्षे' म्हणणाऱ्याने तो का आणि कसा वाढेल, हे सांगितले पाहिजे.

प्रतिसाद २: प्रश्नचिन्ह

मी या विषयाचा विद्यार्थी आहे, त्यामुळे काही चुकल्यास कृपया सांगावे. संकेतशोधक यांचा हिशेब पटतो, पण त्यावर दोन शंका आहेत.

कानाच्या आतील शंखात बसवल्या जाणाऱ्या कॉक्लिअर इम्प्लांटमध्ये जेमतेम १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात, तर श्रवणतंतूंची संख्या सुमारे ३०,००० असते. या हिशेबाने ते उपकरण निरुपयोगी ठरायला हवे होते. प्रत्यक्षात जगभर लाखो लोक त्याच्या आधाराने बोलणे समजून घेतात आणि फोनवर संभाषण करतात. मग मेंदू उरलेले स्वतः शिकून घेतो, असे का म्हणू नये?

दुसरी शंका स्वप्नांची आहे. स्वप्नात एकही इलेक्ट्रोड नसताना मेंदू संपूर्ण जग उभे करतो, आणि त्याच वेळी शरीर हलत नाही. म्हणजे धागाकर्त्यांनी सांगितलेले दुसरे आणि तिसरे काम मेंदू रोज रात्री करतोच. आपल्याला फक्त त्या यंत्रणेची कळ सापडायची आहे, असे म्हणता येणार नाही का?

प्रतिसाद ३: चेतातंतू

दोन्ही शंका महत्त्वाच्या आहेत. पहिलीचे उत्तर देतो. दुसरीविषयी माझ्यापेक्षा अधिक जाणणारे इथे आहेत.

कॉक्लिअर इम्प्लांटचे यश निर्विवाद आहे, पण ते कशामुळे मिळाले हे पाहावे लागते. शंखात स्वरांची मांडणी एका सरळ रेषेत असते: एका टोकाला उंच स्वर, दुसऱ्या टोकाला खालचे. त्यामुळे थोड्या इलेक्ट्रोडनीही त्या रेषेवर ठिकठिकाणी स्पर्श करता येतो. बोलण्यात पुनरुक्ती इतकी असते की स्वरांचे बारकावे गेले, तरी शब्द कळतात. संगीताच्या बाबतीत हीच माणसे सांगतात की सुरावट नीट ओळखता येत नाही. जन्मतः बहिऱ्या असलेल्या मुलांमध्ये रोपण लहानपणी झाले तर मेंदू ते आत्मसात करतो, फार उशिरा झाले तर लाभ खूपच कमी होतो. मेंदू शिकतो हे खरे आहे, पण त्याला वेळ लागतो आणि त्याच्या शिकण्याला वयाची मर्यादाही आहे.

दृष्टीकडे वळले की चित्र पालटते. ब्रिंडली आणि लेविन यांनी १९६८ साली एका अंध महिलेच्या दृष्टिबाह्यकावर, म्हणजे बाह्यकाच्या दृष्टीविषयक भागावर, ८० इलेक्ट्रोड बसवले, तेव्हा तिला प्रकाशाचे ठिपके दिसले. ते पडद्यावरच्या बिंदूंसारखे वापरता येतील, अशी तेव्हा आशा होती. अर्धशतकानंतर, २०२१ साली, स्पेनमधील एल्चे येथील मिगेल एर्नांदेझ विद्यापीठाच्या गटाने ९६ इलेक्ट्रोडची पट्टिका एका अंध महिलेच्या दृष्टिबाह्यकात सहा महिने ठेवली आणि तिला काही अक्षरे व साधे आकार ओळखता आले. २०२० साली ॲमस्टरडॅमच्या गटाने माकडांमध्ये हजाराच्या आसपास इलेक्ट्रोड वापरून अक्षरांचे आकार दाखवले. त्याच वर्षी अमेरिकेतील बेलर येथील गटाला असे आढळले की सर्व ठिपके एकदम पेटवण्यापेक्षा, बोटाने तळहातावर अक्षर गिरवावे तसे एकामागून एक चेतवले, तर ते माणसाला अधिक सहज ओळखता येते. मला हा शेवटचा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो, कारण ठिपके जोडून चित्र होत नाही हे त्यातून स्पष्ट होते. शेजारचे दोन इलेक्ट्रोड एकदम चालवले तर दोन ठिपके दिसतीलच असे नाही, कधी एकच मोठा आणि विचित्र आकाराचा डाग दिसतो.

असे का होते, तर दृष्टिबाह्यकातील पेशी उजेड-अंधाराचा नकाशा धरून बसलेल्या नाहीत. एक पेशी तिरक्या रेषेला प्रतिसाद देते, तिच्या लगतची दुसरी पेशी विशिष्ट दिशेने सरकणाऱ्या कडेला, आणि इलेक्ट्रोडमधून गेलेला प्रवाह या दोघींना, त्यांच्या तंतूंना आणि आसपासच्या रोधक पेशींनाही एकाच वेळी जागे करतो. निसर्गात असा संकेत कधीच तयार होत नाही. म्हणून इलेक्ट्रोडची संख्या वाढवणे हा प्रश्नाचा एक भाग आहे. कोणत्या पेशीला कोणत्या क्षणी चेतवायचे, हे माहीत असणे आणि फक्त तिलाच चेतवता येणे हा त्याहून मोठा भाग आहे.

स्पर्शात परिस्थिती काहीशी बरी आहे. पिट्सबर्गच्या गटाने २०१६ साली दाखवले की मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीच्या मेंदूतील स्पर्शविषयक भागात सूक्ष्म प्रवाह दिल्यास त्याला स्वतःच्या बोटांवर दाब जाणवतो. २०२१ साली त्याच गटाने हा स्पर्श यंत्रहाताशी जोडला, तेव्हा वस्तू उचलून ठेवण्याच्या कामाला लागणारा वेळ जवळपास निम्मा झाला. तरीही त्या व्यक्तीला जाणवत होता तो दाब किंवा मुंग्या. रेशीम आणि वाळू यांतला फरक त्यात नव्हता.

प्रतिसाद ४: निद्राभ्यासक

स्वप्नांविषयी लिहितो. प्रश्नचिन्ह यांनी जे म्हटले आहे ते पहिल्या नजरेला या कल्पनेचा सर्वांत भक्कम आधार वाटते, आणि काही अंशी ते खरेही आहे.

स्वप्ने प्रामुख्याने ज्या टप्प्यात पडतात त्या रेम निद्रेत मेंदूच्या बुंध्यातून निघणारे संकेत मज्जारज्जूतील हालचालीच्या पेशींना रोखून धरतात. श्वासपटल आणि डोळ्यांचे स्नायू यांना यातून सूट असते. फ्रेंच संशोधक मिशेल जूव्हे यांनी १९६५ च्या सुमारास मांजरांच्या मेंदूतील हा भाग निकामी केला, तेव्हा ती झोपेतच शिकार केल्यासारख्या हालचाली करू लागली. माणसांमध्येही ही रोधक यंत्रणा बिघडण्याचा विकार १९८६ पासून ज्ञात आहे. अशा व्यक्ती स्वप्नातली कृती अंथरुणात प्रत्यक्ष करतात आणि कधीकधी शेजारी झोपलेल्या व्यक्तीला इजाही होते. म्हणजे धागाकर्त्यांच्या तिसऱ्या कामासाठी निसर्गाकडे एक सुरक्षित नमुना तयार आहे.

जागृत स्वप्नांवरील, म्हणजे आपण स्वप्नात आहोत हे कळत असलेल्या स्वप्नांवरील, प्रयोग तर याहून पुढे जातात. स्वप्न पाहणारा माणूस ठरवून डोळ्यांची हालचाल करून बाहेर खूण पाठवू शकतो, हे १९७५ मध्ये कीथ हर्न यांनी नोंदवले. २०२१ साली चार देशांतील प्रयोगशाळांनी मिळून असे दाखवले की रेम निद्रेतील माणसाला बाहेरून साधे गणित विचारता येते आणि तो डोळ्यांच्या किंवा चेहऱ्याच्या हालचालींनी उत्तर देऊ शकतो. बरोबर उत्तरांचे प्रमाण एकूण प्रयत्नांच्या सुमारे १८ टक्के होते, पण संवाद घडला हे निश्चित.

इतके असूनही स्वप्नाची कळ सापडली तर फुल-डाइव्ह साध्य होईल, असे मला वाटत नाही. स्वप्नातले जग मेंदू स्वतःच्या आठवणींतून आणि अपेक्षांतून रचतो आणि ते बाहेरून कोणी लिहीत नाही. बाहेरचा आवाज किंवा वास स्वप्नात मिसळतो, पण तो कोणत्या रूपात मिसळेल हे सांगता येत नाही: घंटेचा आवाज एकाच्या स्वप्नात देऊळ होईल, दुसऱ्याच्या स्वप्नात रेल्वे. आभासी जगाची पहिली अट अशी की, तिथली भिंत मी पाठ फिरवून परत पाहिली तरी तिथेच असावी आणि माझ्या सोबत्यालाही तीच भिंत दिसावी. स्वप्नात लिहिलेला मजकूर दुसऱ्यांदा वाचताना बदललेला असतो, असे जागृत स्वप्ने पाहणारे वारंवार सांगतात. मेंदूकडे जग उभे करण्याची शक्ती आहे, हे स्वप्न सिद्ध करते. ती शक्ती आपल्या आराखड्याप्रमाणे राबवता येईल, हे मात्र त्यातून सिद्ध होत नाही.

प्रतिसाद ५: उद्याचा वाटसरू

आतापर्यंतचे प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहेत, परंतु सर्वांनी इलेक्ट्रोड हेच अंतिम साधन धरले आहे, आणि माझा आक्षेप तिथे आहे.

प्रकाशाने चेतापेशी नियंत्रित करण्याचे तंत्र, म्हणजे ऑप्टोजेनेटिक्स, २००५ साली स्टॅनफर्डमध्ये डाइसरॉथ, बॉयडन आणि सहकाऱ्यांनी प्रत्यक्षात आणले. त्यात ठरावीक पेशींमध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे प्रथिन तयार करवले जाते, त्यामुळे चेतातंतू यांनी सांगितलेली 'फक्त तिलाच चेतवण्याची' अडचण बऱ्याच अंशी सुटते. २०१९ साली स्टॅनफर्डच्याच गटाने उंदरांना पट्ट्यांची दिशा ओळखायला शिकवले, मग त्या दिशेला प्रतिसाद देणाऱ्या वीसेक पेशी शोधून त्या प्रकाशाने चेतवल्या. समोर काहीही नसताना उंदीर ती दिशा दिसल्यासारखे वागले आणि आसपासच्या पेशींमध्येही खऱ्या दर्शनाच्या वेळी दिसतो तसा प्रतिसाद उमटला. संकेतशोधक म्हणतात की उरलेल्या पेशी चित्र पूर्ण करतील याची खात्री देता येत नाही. या प्रयोगात त्यांनी ते पूर्ण केले.

माणसातही सुरुवात झाली आहे. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक आजाराने अंध झालेल्या एका व्यक्तीला ऑप्टोजेनेटिक उपचार आणि विशेष चष्मा यांच्या साहाय्याने टेबलावरच्या वस्तू शोधता व मोजता आल्या, हे २०२१ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी प्रकाशीय सूक्ष्मदर्शनाने उंदराच्या मेंदूतील सुमारे दहा लाख पेशींची क्रिया एकाच प्रयोगात नोंदवली गेली. सात वर्षांत दुप्पट होण्याचा नियम विद्युत-नोंदीवर आधारलेला आहे, आणि साधन बदलले की असे नियम मोडतात.

प्रतिसाद ६: चेतातंतू

उद्याचा वाटसरू यांनी सांगितलेला २०१९ चा उंदरांवरील प्रयोग मीही या क्षेत्रातील अलीकडच्या सर्वांत महत्त्वाच्या प्रयोगांपैकी एक मानतो. मेंदूतील जाळे थोड्या इशाऱ्यावरून नमुना पुरा करते, ही गोष्ट लिहिण्याच्या कामासाठी खरोखर आशादायक आहे.

तरी त्यातील अटी लक्षात घ्याव्यात. तो उंदीर जनुकीय बदल घडवलेला होता, त्याच्या कवटीत काचेची खिडकी बसवलेली होती आणि डोके सूक्ष्मदर्शकाखाली घट्ट धरलेले होते. आधी खरे दृश्य दाखवून, कोणती पेशी कशाला प्रतिसाद देते, हे त्या एका उंदरासाठी शोधावे लागले. आणि निवड दोनच दिशांमध्ये करायची होती. मेंदूच्या ऊतीत प्रकाश विखुरतो, त्यामुळे अशा पद्धती एखाद्या मिलिमीटरच्या आसपास थांबतात. माणसाचे बाह्यक दोन ते चार मिलिमीटर जाडीचे आणि घड्यांनी भरलेले असते, आणि दृष्टीच्या प्राथमिक भागाचा बराच हिस्सा आतल्या खाचेत दडलेला असतो.

शस्त्रक्रियेविना चालणाऱ्या पद्धतींचा उल्लेख कोणी करण्याआधीच सांगतो. कवटीवरून मिळणारे ईईजी, म्हणजे मेंदूच्या विद्युत-स्पंदनांचे, संकेत सेंटिमीटरच्या पातळीवर धूसर होतात, चुंबकीय उद्दीपनाची पकडही तेवढीच ढोबळ आहे, एकाग्र ध्वनिलहरी काही मिलिमीटरपर्यंत नेमक्या होतात. एक घन मिलिमीटर म्हणजे किती, याची कल्पना यावी म्हणून सांगतो: उंदराच्या दृष्टिबाह्यकातील तेवढ्याच तुकड्याचा २०२५ साली प्रसिद्ध झालेला नकाशा पाहिला, तर त्यात सुमारे दोन लाख पेशी आणि ५० कोटींहून अधिक जोडण्या सापडल्या. हेल्मेट घालून फुल-डाइव्ह अनुभवण्याची जी चित्रे रंगवली जातात, त्यांच्यामागे आज ज्ञात असलेले कोणतेही भौतिक साधन उभे नाही.

प्रतिसाद ७: पुनर्वसनकर्मी

मी मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तींच्या पुनर्वसनाचे काम करते. धागाकर्त्यांनी ज्याची चर्चाच होत नाही असे म्हटले आहे, त्या तिसऱ्या कामाविषयी मला कळकळीने काही सांगायचे आहे.

हालचाल थांबलेले शरीर म्हणजे काय असते, हे आम्ही रोज पाहतो. निरोगी माणूस झोपेतही नकळत कूस बदलत राहतो, कारण दाबाखाली राहिलेल्या त्वचेचा रक्तपुरवठा कमी होतो आणि मेंदूला ते कळते. ज्यांना ते कळत नाही, त्यांना ठरावीक वेळाने भार हलवायला शिकवावे लागते, अन्यथा दाबव्रण होतात आणि ते भरायला महिने लागू शकतात. पायांत रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका वेगळा. मूत्राशय भरल्याची जाणीव, तहान, धूर, खोलीत कोणी आल्याची चाहूल, या सर्व गोष्टी फुल-डाइव्हमध्ये बंद करायच्या असतील, तर त्यांची राखण करणारे दुसरे कोणीतरी लागेल. रेम निद्रेचा नमुना सुरक्षित आहे हे निद्राभ्यासक यांचे म्हणणे बरोबर आहे, पण तो टप्पा बहुधा काही मिनिटांपासून तासाभरापर्यंतचा असतो आणि धोका जाणवला की माणूस जागा होऊ शकतो. तासन्‌तास चालणाऱ्या अनुभवासाठी तो नमुना जसाच्या तसा वापरता येणार नाही.

दुसरा मुद्दा रोपणानंतरच्या वर्षांचा आहे. आर्गस-२ हे दृष्टिपटलावरचे ६० इलेक्ट्रोडचे उपकरण जगभरात ३५० हून अधिक अंध व्यक्तींना बसवले गेले होते. कंपनीने ते बनवणे थांबवले, पुढे ती आर्थिक अडचणीत आली, आणि डोळ्यांत उपकरण असलेली माणसे दुरुस्ती आणि आधाराविना राहिली. न्यूरालिंकच्या पहिल्या रुग्णातही काही आठवड्यांत बरेचसे धागे मेंदूतून मागे सरकले आणि संगणकीय पद्धत बदलून ती उणीव भरून काढावी लागली. ज्याला दुसरा मार्गच नाही, तो हा धोका समजून उमजून पत्करतो, आणि त्या माणसाच्या धैर्याविषयी मला नितांत आदर आहे. निरोगी माणसाची कवटी खेळासाठी उघडण्याची परवानगी कोणत्याही विवेकी नैतिक समितीने आज देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद ८: दूरस्थ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. वरील प्रतिसाद पुन्हा एकत्र वाचताना एक गोष्ट प्रकर्षाने जाणवली, ती मांडतो.

माणसात लिहिण्याचे जे काही यश मिळाले आहे, ते अशा मार्गांवर मिळाले आहे जे आधीच मूक झालेले होते. कॉक्लिअर इम्प्लांट बहिऱ्या कानात बसते, दृष्टीचे प्रयोग प्रामुख्याने अंध व्यक्तींमध्ये होतात, स्पर्शाचे प्रयोग ज्यांना हाताची जाणीव उरलेली नाही किंवा अगदी कमी उरली आहे अशांमध्ये. तिथे कृत्रिम संकेताला स्पर्धा नसते. निरोगी माणसाच्या बाबतीत नैसर्गिक संकेत अखंड येत राहतात, आणि कृत्रिम संवेदना लिहिण्याआधी ते पुसावे लागतील. म्हणजे मी सांगितलेल्या तीन कामांत पुसण्याचे चौथे काम मिळवायला हवे, आणि ते कदाचित सर्वांत अवघड असेल.

तोलाच्या जाणिवेचे उदाहरण घ्या. आतल्या कानातील सूक्ष्म खडे गुरुत्वाकर्षणाची दिशा सतत सांगत असतात. आभासी जगात मी उभा आहे आणि खरे शरीर उताणे पडले आहे, तर हे खडे 'तू पडलेला आहेस' असेच सांगत राहतील. डोळे मिटता येतात, कान झाकता येतात, पण ही जाणीव बंद करायला काहीही नाही. आजच्या चष्म्यांनीही अनेकांना मळमळ होते ती डोळे आणि तोल यांच्यातील अशाच विसंवादामुळे.

प्रतिसाद ९: प्रश्नचिन्ह

तोलाच्या जाणिवेविषयी थोडे वाचले. कानामागे इलेक्ट्रोड लावून सौम्य प्रवाह दिला तर माणसाला कलल्यासारखे वाटते. मग खड्यांचा खरा संकेत पुसण्याऐवजी त्यावर उलटा संकेत चढवून तो निष्प्रभ करता येईल का?

प्रतिसाद १०: संकेतशोधक

विचार योग्य दिशेने आहे. नको असलेला आवाज उलट्या लहरीने दाबणारे हेडफोन याच तत्त्वावर चालतात. मात्र त्यासाठी मूळ संकेत तंतोतंत माहीत असावा लागतो आणि उलटा संकेत त्याच ठिकाणी त्याच क्षणी पोहोचवावा लागतो. तोलाच्या चेताशाखेत हजारो तंतू आहेत, प्रत्येकाचा वेग आणि दिशा वेगळी. कानामागून दिलेला प्रवाह त्या सर्वांना एकदम ढकलतो, म्हणून 'कलल्यासारखे' वाटते आणि कोणत्या बाजूला किती, हे बारकाईने ठरवता येत नाही. शिवाय डोके वळताच नजर स्थिर ठेवणारी प्रतिक्षिप्त क्रिया साधारण १० मिलिसेकंदांत घडते, आणि आपल्या यंत्रणेला त्याहून वेगाने काम करावे लागेल.

प्रतिसाद ११: चेतातंतू

याला जोडून एक माहिती. आतल्या कानातील अर्धवर्तुळाकार नलिकांना चेतवणारी तोलाची रोपणे तयार झाली आहेत. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स येथील आठ रुग्णांवरचा अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, आणि त्यांचे उभे राहणे व चालणे सुधारले. हे सर्व रुग्ण दोन्ही कानांची तोलाची जाणीव गमावलेले होते, म्हणजे दूरस्थ यांचे निरीक्षण इथेही लागू पडते. शस्त्रक्रियेत त्या कानाची ऐकण्याची क्षमता कमी होण्याचा धोका असतो, आणि काही रुग्णांमध्ये ती बरीच कमी झाली.

प्रतिसाद १२: उद्याचा वाटसरू

पुसण्याचा मुद्दा मला मान्य आहे आणि त्याचे उत्तर माझ्याकडे आज नाही. पण त्याच निरीक्षणातून उलटा निष्कर्षही निघतो. ज्यांचे मार्ग मूक आहेत, त्यांच्यासाठी पुसण्याचे काम उरतच नाही. मानेखाली संवेदना आणि हालचाल दोन्ही गमावलेल्या व्यक्तीचे डोळे-कान शाबूत असतात. तिला दृश्य आणि ध्वनी आजच्या चष्म्यातून द्यावा, हेतू मेंदूतून वाचावा आणि हातांचा स्पर्श पिट्सबर्गच्या पद्धतीने लिहावा. यातील प्रत्येक भाग माणसावर स्वतंत्रपणे करून दाखवलेला आहे. तो एकत्र जोडण्यासाठी शेकडो वर्षांची वाट पाहावी लागणार नाही.

प्रतिसाद १३: पुनर्वसनकर्मी

याच्याशी मी पूर्णपणे सहमत आहे, आणि हे काम लवकर व्हावे असे मला मनापासून वाटते. एकच विनंती आहे. ज्या व्यक्तीच्या मेंदूतून हेतू वाचला जातो, तिच्या त्या नोंदींवर हक्क कोणाचा, हे आधी ठरावे. चिलीने २०२१ साली मेंदूतील क्रिया आणि तीतून मिळणारी माहिती यांना राज्यघटनेत संरक्षण दिले, आणि २०२३ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ईईजी उपकरण विकणाऱ्या एका कंपनीला ग्राहकाच्या मेंदूच्या नोंदी पुसून टाकण्याचा आदेश दिला. रोपणाच्या करारात हा हक्क, उपकरणाची दुरुस्ती आणि ते काढून घ्यावे लागल्यास त्याचा खर्च, या तिन्ही बाबी लेखी असाव्यात, आणि त्या रुग्णाला शस्त्रक्रियेआधी त्याच्या भाषेत समजावून सांगितल्या जाव्यात.